नवव्या घंटेखालची पट्टी

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीला पहिली टाळी पडली त्या दिवसापासून. हे दुखणं डॉक्टरला दाखवता येत नाही आणि नवऱ्याला सांगावं तर तो हसतो. तिचा हसलाच. सायकलचं पंक्चर काढता काढता मान वर न करता म्हणाला, "अगं, पण तूच नेलंस ना तिला तिथं?"

खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर नवऱ्यानं तो धोंडा किती किलोचा ते सांगायचं!

'तिथं' म्हणजे साहेबाच्या घरी. परक्या राजवटीत जंगलखात्याच्या एका बड्या साहेबानं बांधलेलं ते घर. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, घर तेवढं उभं राहिलं. मग गावातल्या चार शहाण्यांनी समिती केली आणि लोकांना बघता यावं म्हणून ते जपायला घेतलं. थोरली तिथं एकोणीस वर्षं देखभालीला होती. नुसती झाडूवाली समजू नका हं. कोणत्या लाकडाला मेण आणि कोणत्याला तेल, दिवाणखान्याच्या एकशे बारा काचांपैकी नव्या सात कोणत्या, जिन्याची तिसरी पायरी कुठल्या बाजूनं करकरते, सगळं तिला तोंडपाठ. लेक सात महिन्यांची असताना ती कामाला लागली होती. पोर सासूबाईंच्या मांडीवर टाकून निघायची, आणि दुपारी छाती भरून आली, पदर ओला झाला, की मागच्या बोळात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तिथं सहसा कुणी येत नसे.

त्या बोळातच घंटा होत्या. एका ओळीत नऊ. खोलीत साहेबानं दोरी ओढली की बोळातली त्या खोलीची घंटा वाजायची आणि नोकर पळत सुटायचा. प्रत्येक घंटेखाली एक पितळी पट्टी, तिच्यावर खोलीचं नाव खोल कोरलेलं. थोरलीचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे या पट्ट्या. दर शनिवारी राख आणि लिंबू घेऊन बसायची. पट्ट्या अशा लखलखत की येणाऱ्या बायका त्यात बघून भांग सारखा करून घेत. समितीचे अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम बोळात आणत आणि म्हणत, "ही आमच्या बाईंची करामत." एकोणीस वर्षांत कौतुक म्हणावं असं तेवढंच, पण तेवढ्यावर तिचं भागत होतं.

आता धाकटी. धाकट्या दिराची बायको. इतिहासात एम. ए., आणि घरात भाजी निवडत बसलेली. थोरलीला दया आली. तिनं अध्यक्षांकडे शब्द टाकला, "आमच्या जाऊबाई शिकलेल्या आहेत, कपाटातल्या वस्तूंची यादी तरी करतील." अध्यक्षांनी तिला ठेवून घेतलं. आठ महिने बाई खाली मान घालून यादी करत होती. मग एक दिवस शाळेची सहल आली आणि घर दाखवणारे गृहस्थ तापानं घरी. धाकटी पेन खाली ठेवून पुढं झाली.

"हा जिना बघा," ती मुलांना म्हणाली. "हे लाकूड आपल्याच डोंगरातलं. साहेबानं आधी झाडं मोजली, मग तोडली, नदीत सोडली, जहाजं बांधायला पाठवली. उरल्यासुरल्यातून हा जिना झाला. आपला डोंगर आज बोडका का दिसतो, ते या जिन्याला विचारा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

"जिन्याला विचारा म्हणे!" थोरली घरी येऊन नवऱ्यापाशी फणफणली. "एकोणीस वर्षं पुसतेय मी त्याला, माझ्याशी मेला एक शब्द बोलला नाही!"

त्यानंतर येईल तो धाकटीलाच विचारायचा. त्या बाई आहेत का हो, त्या छान सांगतात त्या? कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं. थोरली फडकं पिळायची ते असं, जणू कुणाची मानच हातात सापडलीय. खोटं कशाला बोला, तिला धाकटीची साडी सलायची, आवाज सलायचा, बोलताना हात हलवायची ती लकब सलायची. आणि सगळ्यात जास्त सलायचं ते हे, की धाकटी चांगलंच सांगत होती. दाराआड उभं राहून ऐकताना थोरलीच्याही अंगावर काटा यायचा, आणि काटा आला म्हणून आणखी राग यायचा.

तेवढ्यात दाखवणारे गृहस्थ निवृत्त झाले. समितीनं ठरवलं, घर दाखवायला आता कायमचं एकच माणूस नेमायचं. धाकटीनं अर्ज केला. थोरलीनंही केला. एका ओट्यावर भांडी घासणाऱ्या दोन बायकांत ही गोष्ट लपते थोडीच!

"ताई, तुम्हीपण अर्ज केलात? मला आधी बोलला असतात तर..."

"तर काय? तू केला नसतास?"

धाकटीनं धुतलेलं ताट पुन्हा विसळायला घेतलं. थोरलीनं कढई जरा जास्तच जोरात आपटली.

समितीनं दोघींना एकेक फेरी करून दाखवायला सांगितलं. अध्यक्ष, एक प्राध्यापिकाबाई आणि आणखी तिघं, असे पाच जण आले. आधी थोरली. तिनं आदल्या दिवशी आरशासमोर सगळं म्हणून बघितलं होतं, पण पाच माणसं तोंडाकडे बघायला लागली आणि तोंडातून निघालं ते असं: "इथं हात लावू नका. तिथं पाय देऊ नका. हे मेण दर तीन महिन्यांनी. त्या काचा नव्या." अध्यक्ष मान डोलावत राहिले. प्राध्यापिकाबाईंनी घड्याळ बघितलं. बोळात आल्यावर मात्र सगळ्यांनी पट्ट्यांची चमक वाखाणली, आणि थोरलीला वाटलं, चला, अगदीच काही हातचं गेलं नाही.

मग धाकटी. थोरलीनं खरं तर बाहेर बसायचं, पण फडकं घेऊन मागं मागं गेलीच. जिना झाला, कचेरी झाली, डोंगर झाला. धाकटी बोळात शिरली आणि तिनं पिशवीतून एक मोठा केलेला जुना फोटो काढला.

"या घंटा. पण हा फोटो बघा, चाळीस वर्षांपूर्वीचा. पट्टीवर खोलीचं नाव आहे, आणि त्याच्या खाली हे बारीक ओरखडे दिसतात? ती अक्षरं आहेत. नोकरांनी खिळ्यानं लिहिलेली. साहेबाबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं, नोकरांनी स्वतः लिहिलेलं असं या घरात एवढंच होतं. फोटोत ते वाचता येत नाही. आणि नंतर कुणाच्या तरी बेपर्वा हातानं ते घासून टाकलं. तिथं काय होतं, ते आता जगात कुणालाच कळणार नाही."

थोरलीच्या कानशिलात पेटल्यासारखं झालं. ओरखडे! तिला लख्ख आठवलं. कामावर लागली त्या वर्षी जुन्या देखरेख करणाऱ्यानं बजावलं होतं, "कुणा टवाळानं पितळ खराब केलंय, ओरखडे जाईपर्यंत घासा." चार महिने घासत होती ती. मनगटं सुजली होती. घासताना वाचायची, हसायची, आणि पुन्हा घासायची.

गप्प बसली असती तर कुणाला ताकास तूर लागली नसती. पण 'बेपर्वा'! या हातांना! आणि वर 'कुणालाच कळणार नाही'! हिला ठाऊक नाही म्हणजे जगात कुणाला ठाऊक नाही?

"कोण म्हणतं कळणार नाही?" ती फडकं हलवत पुढं झाली. "दिवाणखान्याखाली होतं, 'आलो रे आलो'. जेवणघराखाली, 'हात धुऊन जा'. साहेबाच्या कचेरीखाली, 'मान खाली'. बाईसाहेबांच्या खोलीखाली, 'हिला झोप नाही'. पाहुण्यांच्या खोलीखाली, 'हा बक्षीस देतो'. न्हाणीघराखाली, 'पाणी गरमच आहे'. व्हरांड्याखाली, 'आधी बूट शोधा'. आणि वाचनाच्या खोलीखाली..." तिला हसू आलं, "'वाचत नाही, घोरतो'."

बोळ हसण्यानं दणाणला. अध्यक्षांनी डोळे पुसले. प्राध्यापिकाबाईंनी वही काढून भराभर लिहून घेतलं आणि विचारलं, "पण बाई, तुम्हाला हे कसं माहीत?"

आता मात्र हात दाखवून अवलक्षण झालं होतं. "मीच घासली ना ती," थोरली म्हणाली.

हसणं थांबलं. धाकटीच्या हातातला फोटो खाली आला. "ताई, मला माहीत नव्हतं," ती पुटपुटली, "नाहीतर मी तो शब्द..."

"आणि नववी?" प्राध्यापिकाबाईंनी पेन उचललं. "मुलांच्या खोलीची?"

थोरलीनं नवव्या पट्टीकडे बघितलं. "ते नाही आठवत," ती म्हणाली.

नोकरी धाकटीला मिळाली. मिळणारच होती. थोरलीला कुणी बोललं नाही, समितीनं फक्त राख-लिंबू बंद करून मऊ कापड दिलं. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं तिला. आणि धाकटी रोज बोळात उभी राहून आठ पट्ट्यांवर आठ वेळा लोकांना हसवायची. थोरलीचं दुखणं दुप्पट झालं. शब्द नोकरांचे, ध्यानात ठेवले थोरलीनं, टाळ्या धाकटीला!

पण धाकटी काही दुधखुळी नव्हती. ओट्यापाशी तिनं हळूच विचारलं, "ताई, नववीवर काय होतं?"

"सांगितलं ना, आठवत नाही."

"माझ्या लग्नात कुणी किती जिलब्या खाल्ल्या ते तुम्हाला आठवतं. आणि हे नाही?"

थोरलीनं मिठाची गुळणी धरली. आठ घेतल्यास ना, घे. ही नाही द्यायची. शनिवारी तिनं आठ पट्ट्या पुसल्या आणि नववीला हात लावला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. दोन महिन्यांत ती काळी पडली, आणि लोक विचारायला लागले, ही एकच अशी का? धाकटीनं आधी काहीबाही उत्तरं दिली. मग एक दिवस म्हणाली, "ते आमच्या थोरल्या जाऊबाईंना माहीत आहे. त्या सांगत नाहीत. तुम्ही विचारून बघा."

सगळी डोकी वळली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माणसं आपण होऊन थोरलीकडे आली. ती मान हलवून नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. खरं सांगायचं तर तिला मजा यायला लागली होती.

मग एका दुपारी घोळक्यात एक बाई आली, तान्हं पोर खांद्यावर. पोर रडायला लागलं, काही केल्या राहीना. लोक वळून बघायला लागले तशी ती बाई ओशाळून मागं राहिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पदरावर ओला डाग पसरत होता. थोरलीनं तो बघितला. तिनं जवळ जाऊन बोळातला आपला स्टूल पुढं केला, घोळक्याच्या आणि तिच्या मध्ये आडोशाला उभी राहिली आणि म्हणाली, "बसा. पाजा त्याला."

पोर गप्प झालं. बाईनं वर बघितलं, समोर काळी पट्टी होती. "सांगाल का हो?" तिनं विचारलं. "की कुणालाच नाही?"

थोरली वाकली. "बाईमाणसाचं अक्षर होतं," ती अगदी हळू म्हणाली. "सगळ्यात शेवटी घासली मी ही. लिहिलं होतं, 'माझं घरी रडतंय'."

बाईनं पोराला आणखी जवळ घेतलं.

घोळक्याच्या पलीकडे धाकटी 'वाचत नाही, घोरतो'पर्यंत आली होती. लोक हसले, टाळ्याही पडल्या, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. टाचा उंच करून, मान लांब करून ती बघत होती, ताईंनी त्या बाईच्या कानात काय सांगितलं ते. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.