आधी धोका, मग कमळ

माझ्या नवऱ्याच्या आत्याइतकं मन लावून घाबरणारं माणूस अख्ख्या वेल्हे तालुक्यात दुसरं झालं नसेल. तुम्ही-आम्ही वेळ आली की घाबरतो. आत्याबाई वेळेची वाट बघत नसत. गॅसची टाकी बदलली की पुढचे दोन-तीन दिवस त्या स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारातून खोकत, जणू आत कुणी परका पाहुणा झोपलाय. कुकरची शिट्टी अंगणात उभं राहून ऐकत. मुलानं पुण्याहून मोबाईल आणून दिला, तर तो त्यांनी कोंबडीसारखा डालग्याखाली झाकून ठेवला. वाजला की लांबूनच म्हणत, "आले रं बाबा, वरडू नगंस." बिबट्या दिसल्याची बातमी पार भोरच्या पलीकडची असली तरी आमच्या म्हशीला त्या दिवशी एक दावं जास्त लागे.

पण सगळ्यांत मोठी भीती एसटीची. तरुणपणी तापानं फणफणलेली लेक घेऊन त्या भोरच्या दवाखान्यात गेल्या होत्या. परतताना स्टँडवर चुकून महाडच्या गाडीत बसल्या. कंडक्टर तिकिटाला येईतो गाडी घाटाला लागली होती, खाली धुकं आणि कडेवर निपचित पडलेलं पोर. लेक वाचली, गाडीवरची पाटी मात्र आपल्याला वाचता आली नव्हती, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

मी वेल्ह्याच्या बाजूला शाळेत शिकवते. गावातल्या बायकांसाठी मारुतीच्या देवळात साक्षरतेचा वर्ग सुरू केला, तेव्हा आत्याबाई पहिल्याच दिवशी येऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. घरी मी त्यांची सूनबाई. देवळाची पायरी चढली की 'बाई'. वरून आलेलं पुस्तक मी उघडलं. पहिल्या पानावर कमळाचं सुरेख चित्र होतं.

"बाई, ह्ये काय?"

"कमळ."

"कमळ मला काय करतंय? कमळाचं भ्या न्हाई मला. मला 'धोका' शिकवा."

मी समजावलं, की 'ध'ला ओकार लागतो आणि ओकार पुस्तकाच्या पार शेवटी येतो. "तवर मी मेले तर?" आत्याबाई म्हणाल्या, आणि अख्खं देऊळ हसलं. मी हसता हसता फळ्याकडे वळले आणि 'धोका' लिहिलं. आत्याबाई जागच्या उठल्या नाहीत. कुत्रं बांधलेलं आहे की सुटं, याचा अंदाज घ्यावा तशा त्या त्या शब्दाकडे बराच वेळ लांबून बघत राहिल्या. मग बाकीच्यांनाही जोर आला. एकीला फवारणीच्या बाटलीवरचं 'विष' हवं होतं, एकीला लांब दिलेल्या लेकीचं नाव. पुस्तक खिडकीत राहिलं.

मग एक दिवस तपासणीचे साहेब आले. "पुस्तक कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "सायेब, पुस्तक मागं ऱ्हायलंय. आमी फुडं आलोय." बोलताना आत्याबाईंनी माझा पदर घट्ट धरून ठेवला होता, हे साहेबांना दिसलं नसावं. ते हसले नाहीत. "पुढच्या खेपेला पुस्तक झालं नसेल तर वर्ग बंद करावा लागेल," एवढंच म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पुस्तक उघडलं. आत्याबाई सरकत सरकत पुन्हा भिंतीला जाऊन टेकल्या. मी पुस्तक मिटलं. भीत भीतच मिटलं, पण मिटलं.

पावसाळ्यात आम्ही दोघी विंझरचा बाजार करून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं परत येत होतो. गावाच्या अलीकडे फरशी पूल आहे, त्याला कठडे नाहीत. पाणी पुलावरून लाल होऊन चाललं होतं. ड्रायव्हर गावातलाच. त्यानं गाडी जरा थांबवली आणि म्हणाला, "जातीय, जातीय. रोजचंच हाय." पुलाच्या तोंडाशी एक गंजकी पाटी होती. मी रोज तिच्याजवळून जायचे. आत्याबाई खिडकीतून बोट फिरवत वाचू लागल्या, "पु-ला-व-रून पा-णी..." शेवटच्या शब्दाशी पोचल्या आणि ओरडल्या, "उतरीव मला!"

"आवो आत्या, आजवर कितीदा गेलो आपण!" ड्रायव्हर म्हणाला.

"तवा वाचाय येत नव्हतं!"

त्यांच्याबरोबर मी उतरले. बाकीचे हसत बसून राहिले. जीप पाण्यात शिरली आणि अर्ध्यावर तिचं मागचं चाक घसरलं. गाडी कडेकडे सरकली. आतलं हसणं थांबलं. आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटून हातात रुतली. पाण्याच्या आवाजात एक बाई किंचाळत होती, ते तेवढं ऐकू येत होतं. मग चाकाला कुठंतरी जमीन लागली, आणि जीप एकदम उसळून पलीकडे गेली. ड्रायव्हरनं तिकडून हात हलवला. आम्ही दोघी पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच भिजत उभ्या राहिलो.

त्यानंतर आत्याबाई वर्गाला यायच्या बंद झाल्या. घरी विचारलं तर म्हणाल्या, "आदी नुसत्या पाट्या हुत्या, सूनबाई. आता सगळ्या बोलाय लागल्यात. किती आयकू?" मी शेजारी बसले. मग त्याच म्हणाल्या, "ती पाटी चुकीच्या जागंला हाय. पुलावर गेल्यावर वाचून काय उपेग? आदीच्या वळनावर पायजे. मला लिवायला शिकवा."

त्या आठवड्यात देवळात दुसरं काही शिकवलं नाही. पत्र्याच्या तुकड्यावर, निळ्या रंगानं, आत्याबाईंनी स्वतः लिहिलं: 'पानी हाय. थांबा. घरची वाट बगत्यात.' माझ्या हातात ओला फडका होता. 'पानी' पुसावं आणि 'पाणी' करावं, असं वाटलं. मग वाटलं, ही पाटी बोलणार आहे ती आत्याबाईंच्या आवाजात. फडका मी पिळून वाळत घातला. पाटी पुलाआधीच्या वळणावर उभी राहिली.

साहेबांची पुढची खेप नेमकी त्या पाटीपाशी अडली. पाणी उतरल्यावर ते दुसऱ्या दिवशी पोचले. "ण चुकलाय," म्हणाले. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "मी थांबलो मात्र." वर्ग बंद झाला नाही.

आता आत्याबाई मुलाकडे पुण्याला असतात, बऱ्याच वरच्या मजल्यावर. लिफ्टला घाबरून फारशा खाली उतरत नाहीत म्हणे. परवा मी त्याच जीपनं घरी येत होते. वळणावर ड्रायव्हरनं न सांगता गाडी बाजूला घेतली. पाणी पुलावर होतं, फार नव्हतं.

"त्या दिशी स्टेरिंग हातात ऱ्हाईना झालतं," तो समोर बघतच म्हणाला. "कुणाला सांगितलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "आत्या कशा हायेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. पाणी उतरेपर्यंत 'चल' असं कुणीच म्हणालं नाही.