शनिवारचं दूध

पत्नी गेली तेव्हा तिचे शनिवार अर्धवट राहिले होते. मारुतीला बोललेलं व्रत. उद्यापन व्हायचं होतं. अशा वेळी घरचं कोणीतरी ते पुरं करतं, अशी आमच्या नांदुऱ्याकडे रीत आहे. मी नुकताच निवृत्त झालेला शाळामास्तर. देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण तिचं म्हणावं आणि पुढे चालवता यावं असं घरात तेवढंच उरलं होतं. मी शनिवार धरले. दिवसभर कोरा चहा, आणि गुडघे फार ठणकत म्हणून दुखण्याच्या गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी.

काही महिन्यांनी शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. भीती वाटायला हवी होती. मला कुतूहल वाटलं. वाचनालयातून आरोग्यावरचं एक पुस्तक आणलं आणि आपल्या सोयीचं तेवढं वाचून पित्त ठरवून मोकळा झालो. चालताना धाप लागे, ती वयाच्या नावावर टाकली.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, तिच्या श्रद्धेचा मारुती आहे. एका शनिवारी सकाळी तिथे गेलो. प्रदक्षिणा घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली. उलटीत रक्त होतं, एवढंच दिसलं. शुद्धीवर आलो तो बैलगाडीत, वांग्यांच्या पोत्यांना टेकलेला. गाडीवान बाजाराला निघालेला शेतकरी होता. माझा चष्मा आणि टोपी पाहून त्याने मला गुरुजी ठरवलं होतं.

"पडून राहा गुरुजी. वांगे चेंगरले तं चेंगरले."

संग्रामपुरात त्याने गाडी ओळखीच्या माणसाकडे सोडली, मला एका मालट्रकात चढवलं आणि स्वतःही बसला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जठरात जखम आहे, ती वाहते आहे. या वयाला असे उपास आणि वर त्या गोळ्या सोसत नाहीत. रक्त द्यावं लागणार होतं. निरोप मिळून धाकटा भाऊ धावत आला, पण सख्ख्या भावाचं रक्त जुळलं नाही. शेतकऱ्याने बाही वर केली. "माह्यं पाहा बरं."

त्याचं जुळलं.

रक्त थांबलं. थोडं थोडं दूध घ्यायचं, पोट रिकामं ठेवलं तर जखम पुन्हा वाहील आणि मग काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढचा शनिवार आला. मी पेला बाजूला ठेवला. मरण मला कळत होतं, पण व्रत मोडलं तर ती माझ्या हातून दुसऱ्यांदा जाईल असं वाटत होतं. भाऊ विनवून थकला. तेवढ्यात शेतकरी भेटायला आला.

"दूध काऊन नाई पेले?"

"शनिवार आहे. बायकोचं व्रत आहे."

तो स्टुलावर बसला. "मंग माह्यं रगत वापस द्या."

भाऊ दचकून पाहू लागला.

"खरं सांगून राह्यलो. माह्यं रगत शनिवारी दोनदा जेवते. त्याले उपाशी ठेवाचं तं मले इचारा लागते ना? आन काकू वरून पाहून राह्यल्या असतीन तं म्हणत असतीन, या माणसाले मास्तर केलं कोनं?"

मला हसू आलं. ती गेल्यानंतरचं पहिलंच. हसताना पोट दुखलं. मग मी पेला उचलला आणि दूध प्यालो, कोमट, बिनसाखरेचं.

तो माणूस तिथे कसा आला, त्याचंच रक्त कसं जुळलं, याचा मी पुष्कळ विचार केला. एक प्रश्न तर एका जाणत्या जोशीबुवांनाच विचारला: त्याच्या घरी कोणी गेलं तर मला सुतक लागेल का? त्यांनी पोथ्या चाळल्या आणि असं कुठे लिहिलेलं नाही म्हणाले. मी लागेल असं धरून चालतो.

बरा झाल्यावर मारुतीला गेलो. हात जोडले आणि सांगितलं, उरलेलं माझ्याच्याने होत नाही, ते तुझ्याकडे सोपवलं. तिलाही तुझ्याकडेच सोपवलं. एवढं म्हणायला मला फार जड गेलं, आणि म्हटल्यावर फार हलकं वाटलं. आता शनिवारी मी वेळेवर जेवतो. उपाशीपोटी जिला धरून ठेवत होतो, ती मी पानावर बसलो की अधिक जवळ असते. असं का, हे मला अजून कळलेलं नाही.