हवा काढायला दोन माणसं

“गाडी पळते किती हे सगळे विचारतात, थांबते कशी हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही,” असं तो एकदा म्हणाला होता. तेव्हा तो एका गाडीखाली उताणा पडलेला होता, त्यामुळे ऐकणाऱ्याला फक्त त्याचे बूट दिसत होते. बुटांशी कुणी वाद घालत नाही.

तीस वर्षं त्याने ब्रेकचंच काम केलं. इंजिनवाले मेकॅनिक ताठ मानेने फिरतात, त्यांना लोक डॉक्टर म्हणतात. याला ‘ब्रेकवाला’ म्हणत. नातेवाइकांत तेवढंही नाही. तिथे तो नुसता ‘हिचा भाऊ’.

ही म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा नवरा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या हाताखाली दोघीच उरल्या: बायको आणि बावीस वर्षांची गाडी. त्यातल्या गाडीची तो रोज विचारपूस करून तिला पुसायचा.

त्या सकाळी बहिणीचा फोन आला. लेकीचे दिवस भरले होते, दुसऱ्या दिवशी घाट उतरून तिच्याकडे जायचं होतं, आणि गाडीखाली ऑइलचा डाग पडला होता.

तो आला, गाडी जॅकवर उचलून खाली शिरला. चाकांपर्यंत ऑइल नेणाऱ्या ब्रेकच्या नळ्या काळ्याभोर चमकत होत्या. त्याने नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, आत नुसता गंज.

“भाऊजी, नळ्यांना रंग कुणी दिला?”

“मीच. चांगले दोन हात दिलेत,” भाऊजी म्हणाले, बक्षीस घ्यायला उभे असल्यासारखे. “गंज फार वाईट दिसत होता.”

“आता दिसत नाही,” बूट म्हणाले.

“गळतेय तेवढी बदल. तुम्हा लोकांना एक काम सांगितलं की चार काढता.”

“सगळ्या बदलणार. रबरी होजसुद्धा. नाहीतर ताई या गाडीत बसणार नाही.”

“ते मी ठरवीन.”

“बसणारी ती आहे.”

ताई दारातच उभी होती. तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

दुपारपर्यंत नव्या नळ्या बसल्या. राहिलं नळ्यांत शिरलेली हवा काढणं; ती आत असली की ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचा. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, मग निप्पल बंद, आणि त्यानंतरच पाय उचलायचा. आधी उचलला की हवा पुन्हा आत. भाऊजी हक्काने सीटवर बसले.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका.”

भाऊजींनी सोडलं.

“मी सोडा म्हटलं नव्हतं.”

“मला वाटलं, पुरे झालं.”

दुसऱ्या खेपेला रस्त्याने कुणी ओळखीचं गेलं, त्याला हात करताना पाय उठला. तिसऱ्या खेपेला पायाला कंटाळा आला. दाबा, धरा, सोडा हे भाऊजी जन्मभर इतरांना सांगत आले होते. हुकूम त्यांच्या स्वतःच्या पायापर्यंत जायला वाटच पडलेली नव्हती. ऑइलचा डबा अर्धा झाला, बुडबुडे संपेनात.

“तुझ्या कामातच काहीतरी खोट आहे,” भाऊजी म्हणाले.

“ताई, तू बस.”

“तिला कुठे गाडी चालवता येते?”

“चालवायची नाहीच आहे. थांबवायची आहे.”

ताई ओले हात पुसत बसली. दाब म्हटलं की दाबलं, धर म्हटलं की धरलं. एकदा तो पाना शोधायला गॅलरीपर्यंत जाऊन आला, तरी ती समोरच्या भिंतीकडे बघत तशीच दाबून बसलेली. पस्तीस वर्षांचा सराव होता. अर्ध्या तासात चारही चाकं झाली. पायाखालचा ब्रेक दगडासारखा घट्ट लागला.

भाऊजींनी तिला उठवलं, स्वतः बसून दोनदा दाबून पाहिलं आणि मान डोलावली. “मी जातीने उभा राहिलो म्हणून झालं. उद्या घाटात मजा बघ. ब्रेक कधी धरायचा नि कधी सोडायचा, हे मला कुणी शिकवायला नको.”

तो त्यांच्या पायाकडे बघत राहिला. बोलता बोलता पाय केव्हाच उठला होता.

“ताई, किती वाजता निघायचंय?”

“सहाला.”

त्याने खिडकीतून हात घालून किल्ली काढली, स्वतःच्या खिशात टाकली, आणि “पावणेसहाला येतो,” म्हणत फाटकाबाहेर पडला.