अंबाजीचा खांब

भागोजीला हट्टी म्हणणारे आता गल्लोगल्ली भेटतात. त्यातले निम्मे त्या साली पाळण्यात होते, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याच्याच ओटीवर बसून, त्याच्याच घरचा चहा पिऊन, त्याच्या बोलण्याला माना डोलावल्या होत्या. माझं घर त्याच्या घराला लागून होतं. तेव्हा या विषयावर तोंड उघडायचा हक्क मला त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

चौलच्या खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. तिथे भागोजीच्या घराण्याचं काम एकच, खुंट ठोकायचे. आमच्याकडे डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीत ते तोंड वासून राहतं, आणि त्याला धरून ठेवतो तो समुद्राच्या तळात गाडलेला खुंट. दोन होड्या शेजारी-शेजारी बांधायच्या, मधून ऐनाच्या झाडाचा लांब, सरळ सोट उभा सोडायचा आणि माणसांनी जोर लावून तो चिखलात पुरता उतरवायचा. खुंटाचं टोक भागोजी आधी जाळात धरून काळं करून घ्यायचा. त्याने ठोकलेला खुंट हलला असं कोणी कधी ऐकलं नाही. लग्नाच्या पंगतीत आम्ही त्याला चिडवायचो, की भागोजी बसला की पाटसुद्धा जमिनीत रुततो. तो नुसता हसायचा, पण ते त्याला आवडायचं.

खुंटाचा एक नियम होता. एकदा रोवलेला खुंट उपटायचा नाही. खुंट म्हणजे त्या पाण्यावरचा त्या घराचा हक्क. बापाचा खुंट जुना झाला तर मुलगा त्याच्या अंगालाच नवा ठोकतो आणि दोन्ही काथ्याच्या दोराने एकत्र बांधतो. बापाचा खुंट उपटणं म्हणजे बाप त्या पाण्यात कधी गेलाच नव्हता असं म्हणणं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, आम्ही ते बघत मोठे झालो.

स्वातंत्र्य आलं त्या साली वाड्याने लाकडी धक्का बांधला. तोवर बायका डोक्यावर पाट्या घेऊन छातीभर पाण्यातून होड्यांपर्यंत जायच्या. प्रत्येक घराने एक खांब द्यायचा आणि तो खांब त्या घराच्या नावाचा, असं ठरलं. हे खांब चिखलातून निघून धक्क्याच्या फळ्यांच्या वर कमरेपर्यंत यायचे आणि त्यांनाच आडवे वासे ठोकून कठडा केला होता. सगळे खांब रोवले ते भागोजीच्या बापाने, अंबाजीने. आपल्या घराचा खांब त्याने मुद्दाम टोकाला घेतला, जिथे लाट पहिल्यांदा आदळते. खड्डा खोल खणला, बुडाशी दगड ठासून भरले. पुढे काही वर्षांनी अंबाजी तापाने गेला. नारळी पौर्णिमेला प्रत्येक घर आपापल्या खांबाशी उभं राहून दर्याला नारळ द्यायचं. भागोजी आधी बापाच्या खांबाला हात लावायचा, मग नारळाला.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, पावसाच्या तोंडावर, भागोजी नेहमीसारखा धक्क्याचे खांब तपासत होता. ओहोटी होती आणि मी खाली माझ्या होडीला तेल लावत होतो. लाकडी हातोड्याने तो एकेका खांबावर ठोका द्यायचा आणि ऐकायचा. टोकाच्या खांबाशी तो थांबला. पुन्हा ठोकलं, मग खांबाला कान लावला. शेजारच्या खांबावर ठोकून परत आला. शेजारच्याचा आवाज भरलेल्या हंड्याचा होता, टोकाच्याचा रिकाम्या हंड्याचा. मी विचारलं तर म्हणाला, लाकूड ओलं आहे, वाळलं की नीट बोलेल. पावसाच्या तोंडावर कसलं लाकूड वाळतंय? पण त्याच्या धंद्यात त्याला अक्कल शिकवणारा मी कोण?

भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे त्या खांबाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. पोखरणारा किडा आत शिरला की बाहेरून एवढंच दिसतं. तळातल्या खुंटाला हे दुखणं होत नाही, कारण तो पुरता चिखलात असतो. धक्क्याचा खांब अर्धा दिवस पाण्यात आणि अर्धा दिवस उन्हात. पण आम्हाला सगळं लाकूड सारखंच, आणि सगळ्या लाकडाला नियमही एकच.

ती भोकं पाहून वाड्याचा पाटील शिवदास आम्हा चार-पाच जणांना घेऊन भागोजीच्या ओटीवर गेला. जुना खांब काढून नवा रोव, असं त्याने सांभाळून, आडवळणाने सुचवलं. भागोजीने मान वर केली नाही.

"बाचा खांब मी उपटनार न्हाय, पाटील. जोड देतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या बापाचा खुंट समुद्रात होताच. आज भागोजीला सांगायचं तर उद्या आपल्यालाही कोणी सांगेल, हे सगळ्यांच्या मनात होतं. फक्त भागोजीची बायको बायजा दारात येऊन म्हणाली, की पौर्णिमेला केसर येणार आहे, ती त्याच खांबाशी उभी राहणार. केसर त्यांची एकुलती मुलगी, नुकतीच मुरुडला दिलेली. आमच्या वाड्यात लेकीच्या लग्नानंतर पहिल्या पौर्णिमेला घरचा नारळ ती सोडते. भागोजी म्हणाला, जोडाला हत्ती बांधला तरी हलणार नाही.

नवा सोट त्याने बापाच्या खांबाला चिकटवून ठोकायला घेतला. तो कमरेएवढा आत गेला आणि अडला. खाली अंबाजीने ठासलेले दगड होते. ते काढावेत तर जुना खांब ढिला पडणार. भागोजीने तेवढ्यावरच काम थांबवलं आणि दोघांना खालपासून वरपर्यंत काथ्याने आवळलं. दिसायला ते एवढं जाडजूड झालं की लोक थांबून कौतुक करू लागले. बायजा त्या बाजूला फिरकलीही नाही.

त्या आषाढात समुद्र फार माजला होता. लाट आली की टोकाचा खांब करकरायचा आणि आम्हाला घरात ऐकू यायचं. बायजा जातं थांबवून नवऱ्याकडे बघायची. तो खाली मान घालून जेवत राहायचा. आपली होडी त्याने त्या खांबाला बांधणं सोडलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. धक्क्यावर बसला तरी तो त्या टोकापासून लांब बसायचा. 

केसर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली, थोडी एसटीने, थोडी तरीच्या होडीने. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. दुसऱ्या दिवशी उधाणाची भरती होती. निघताना भागोजी तिला म्हणाला, की यंदा नारळ खाली रेतीतूनच सोड, लाटा मोठ्या आहेत.

केसर हसली. "आज्याचा खांब सोडून रेतीत उभी राहू? लोकं काय म्हनतील, बा?"

खांब आतून गेलाय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. एवढ्या एका वाक्यावर पोर वाचत होती. तो म्हणाला नाही. तो सगळ्यांच्या आधी धक्क्यावर गेला आणि त्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. जणू त्याच्या पाठीनेच तो खांब तग धरणार होता.

ढोल वाजत होते, केसर नारळ घेऊन बापाच्या शेजारी उभी होती. पाटलाचा नारळ पाण्यात पडला आणि तो बघायला सगळी माणसं एकदम कठड्यावर रेलली. मोठा आवाज झालाच नाही. ओलं फडकं फाटावं तेवढा झाला. अंबाजीचा खांब भरतीच्या रेषेवर मोडला, आणि नवा सोट बुडासकट वर आला. दोर मात्र तुटला नाही. त्याने दोन्ही लाकडं घट्ट धरून ठेवली आणि त्यांच्याबरोबर कठडाही पाण्यात ओढला. पडलेली माणसं आम्ही एकेक करून बाहेर काढली. भागोजीला तर तीनदा काढलं, तीनदा तो पुन्हा आत गेला. केसर ओहोटी लागल्यावर सापडली, धक्क्याच्याच खाली, त्या दोरात अडकलेली.

दिवसकार्य झालं आणि एका ओहोटीला भागोजी फावडं घेऊन चिखलात उतरला. मोडलेल्या खांबाचं बूड तो खणू लागला. आम्ही वर उभे होतो, पुढे व्हायची कोणाची छाती झाली नाही. बापाने ठासलेले दगड त्याने एकेक करून बाहेर ठेवले. शेवटी बूड वर आलं. चिखलातलं लाकूड जसंच्या तसं होतं, फावडं लागलं की टणत्कार व्हायचा. जाळलेलं टोक तर कालच रोवल्यासारखं काळंभोर. वरची फक्त वीतभर जागा पोखरून चाळण झाली होती. भागोजीने सबंध लाकडावरून हात फिरवला. बायजा जवळच रेतीत बसली होती.

"बाचं कायबी चुकलं न्हवतं," तो म्हणाला.

"त्याचं न्हायच चुकलं," बायजा म्हणाली. "त्यो जित्ता असता तर त्यानं ह्यो खांब कवाच उपटला असता."

  भागोजी उठला आणि शेजारच्या खांबाच्या बुडाशी त्याने फावडं लावलं. तो आमच्या घरचा खांब होता, माझ्या बापाचा. भरतीच्या रेषेवर त्यालाही आता तीच बारीक भोकं पडायला लागली होती. मी खाली उतरलो आणि त्याच्याबरोबर खणायला लागलो.