हन्नाबाईंचा मुराळी

आमच्या सासूबाई, हन्नाबाई, एक नंबरच्या हट्टी. मी हे त्यांच्या तोंडावर सांगते, पाठीमागं बोलायची मला सवय नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, पण बोरखडीला त्या कधी गेल्या नाहीत. श्रीरामपूरहून एसटीनं तासाभराचं गाव! एकदा तिथं ड्युटी लागली, तर ती बदलून घेतली. फाट्यावर बस थांबली की खिडकीतून मान वाकडी करकरून बघायच्या म्हणे, पण उतरायच्या नाहीत.

का, तर बोरखडी त्यांचं माहेर. माहेर म्हणजे पणजोबांचं गाव, त्यांनी स्वतः ते डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. आणि लेक आपल्या पायानं माहेरी जात नसते. पंचमीला मुराळी यावा लागतो. भाऊ, भाचा, घरचा कुणीतरी माणूस न्यायला यायला हवा. सख्खा भाऊ त्यांना नव्हताच.

"आई, कुठल्या जमान्यात हाय तुमी? अर्ध्या तिकिटात बसा नि जा की!" मी म्हणायची.

"बोलावल्याबिगर देवाच्या घरी जाता येत न्हाई, ही तर माझी भावकी हाय," त्या म्हणायच्या.

हे सगळं रामायण एका तांब्याभर पाण्यापायी. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळात त्यांच्या पणजोबांचं पोर तापानं फणफणलं. ते पोर म्हणजे हन्नाबाईंचे आजोबा. विहिरी ठणठणीत कोरड्या. पणजोबा पोराला खांद्यावर टाकून पाद्र्याच्या बंगल्यावर गेले. तिथं मडमेनं तांब्यातून पाणी पाजलं, औषध दिलं, पोर जगलं. पण बापही तिच्या हातचं पाणी प्याला म्हणून भावकीनं त्यांना वाळीत टाकलं. ते रागारागानं बायको-पोराला घेऊन बंगल्याच्या आवारात राहायला गेले, आणि पुढं बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ तेवढा गावात राहिला.

ते जगलेलं पोर मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झालं. त्याचा मुलगा कंपाउंडर, त्याची मुलगी हन्नाबाई नर्स, आणि तिचा इमॅन्युएल, म्हणजे माझा नवरा, कॉलेजात शिकवतो. आमच्या भिंतीवर डिग्र्या लटकल्यात त्या सगळ्या त्या तांब्यातून निघाल्या. गेला तो फक्त मुराळी.

आता आमची शेजारीण सविता नेमकी बोरखडीची. दर पंचमीला तिचा भाऊ कानिफनाथ जीप घेऊन तिला न्यायला येतो. हन्नाबाई त्यालाच खुर्ची देणार, चहा पाजणार आणि विचारणार, "हिरीजवळची चिंच हाय का रं अजून?" आजोबांनी सांगितलेली चिंच! तो म्हणायचा, "हाय की मावशी, लई लागती." जीप गेली की त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. सासरे होते तेव्हा समजूत घालायचे, "आपल्यात पंचमी नसती, हन्ना."

"पंचमी नसंल, पण माहेर तर सगळ्यांच्यात असतं की!"

मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. दर श्रावणात ही बाई दोन लुगडी पिशवीत भरून ठेवायची आणि पंचमी सरली की परत घडी करून कपाटात.

मागच्या वर्षी मी सविताला गाठलं. पणजोबांच्या त्या धाकट्या भावाचा पणतू रामहरी अजून बोरखडीत आहे, हे तिच्याकडूनच कळलं होतं. "त्यांना म्हणावं, तुमची लेक म्हातारी झाली, अजून पिशवी भरून बसती."

"वैनी, जुनं कशाला उकरायचं?"

"अगं बाई, उकरल्याबिगर पाणी लागतंय व्हय?"

वर्षभर काही निरोप नाही. मी मनातल्या मनात त्या रामहरीला लाख शिव्या घातल्या.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी जीप आली. कानिफनाथाच्या मागून एक म्हातारा उतरला, हातात काठी, काखेत पिशवी. आमच्या दारात येऊन म्हणाला, "मी बोरखडीचा रामहरी. हन्नाअक्का हितंच ऱ्हात्यात ना?"

हन्नाबाईंनी त्याला पाहिलं आणि तशाच आत गेल्या. माठातून तांब्या भरून आणला. उंबऱ्यापाशी मात्र थबकल्या. मला हळूच म्हणाल्या, "शॅरन, दुकानातनं पाण्याची सीलबंद बाटली आण. त्यांना अवघड नको व्हायला."

मी पायात चपला सरकवल्या. पण म्हाताऱ्याचे कान तिखट.

"बाटली ऱ्हाऊ द्या. माठातलंच द्या, अक्का."

त्यानं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. सदरा सगळा भिजला. मग म्हणाला, "आमच्या घरात म्हनायचे, ते रुसून गेल्यात, आपसूक येतील. तुमी मुराळ्याची वाट बघितली, आमी तुमची. वाट बघूनच माणसं संपली, अक्का. चला, आवरा. उद्या पंचमीला लेक घरी पायजे."

आवरायचं काय, पिशवी भरलेलीच होती. ती घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मला कळेना, आता काय राहिलं? माहेरी निघताना लेकीनं सासूला विचारायचं असतं. त्यांची सासू तर कधीच देवाघरी गेली.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या हन्नाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खाली बघत विचारलं, "शॅरन, जाऊ का गं?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली.