एकटी सीट कंडक्टरची

आमचे हे तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. या माणसाबरोबर मी जन्मभर प्रवास केला, पण त्यांच्या शेजारी बसून एकदाही नाही.

कारंज्याहून मेडशीला, माझ्या माहेरी निघालो, की ह्यांची सुट्टी असली तरी ह्यांच्यातला कंडक्टर जागा व्हायचा. शेलूबाजार यायच्या आत कोणी म्हातारं नाहीतर लेकुरवाळी चढायची. हे टुणकन उठून जागा देत आणि पुढे ड्यूटीवरच्या कंडक्टरशी गप्पा मारायला जात. माझ्या शेजारी कधी मांडीवर कोंबडी घेतलेली म्हातारी, कधी मालेगावपर्यंत खांद्यावर घोरणारे आजोबा. पुण्य ह्यांचं, शेजार माझा.

म्हणून अमेरिकेतल्या लेकीनं माझ्या गुडघ्यांकडे पाहून बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढली, तेव्हा मी मनात म्हटलं, पंधरा तास! आता कुठे पळता?

लेकीनं विमानातल्या जागांचा नकाशा फोनवर पाठवला. खिडकीला एकेक सीट, मधे दोन-दोनच्या जोड्या. ह्यांनी चष्मा चढवला. चाक कुठे येतं, ऊन कोणत्या बाजूनं लागेल, सगळा विचार झाला.

"दोघाले एकेक खिडकी घेऊ," ते म्हणाले. "मी पुढं, तू मांगं. निवांत."

माझं डोकंच सणकलं. पण भांडले असते तर हे हट्टाला पेटले असते. मी भोळा चेहरा केला.

"अवो, पन एकटी सीट तं कंडक्टरची राह्यते ना?"

ह्यांचं बोट थांबलं. एसटीतल्या त्या एकट्या सीटवरून ह्यांनी सरपंच उठवले, फौजदार उठवला, एकदा तर माझ्या सख्ख्या भावाला उठवलं होतं. महिनाभर तो आमच्याशी बोलला नाही.

"इमानातबी?"

"मंग! चहा-पानी देनाऱ्या पोरी राह्यतात ना ड्यूटीवर. त्यायनं कुठं बसाव?"

"बराबर हाये," ते गंभीरपणे म्हणाले. "राखीव जागेवर आपून नाई बसाचं."

मधली जोडी ठरली. मी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला फोन लावला आणि तिला गप्प राहायची शपथ घातली.

विमानात चढलो तर खिडकीच्या एकट्या सीटवर एक मुलगी पाय पसरून आरामात बसलेली.

"ओ ताई," ह्यांचा जुना आवाज निघाला, "उठा, ते कंडक्टरची..."

मी बाही ओढून ह्यांना खाली बसवलं. तेवढ्यात ड्यूटीवरची पोरगी आली आणि तिनं त्या मुलीला अदबीनं सरबत दिलं. ह्यांनी ते पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"फसवलं मले?"

"हो."

"काहून?"

इतकी वर्षं गिळलेलं शेवटी तोंडातून निघालंच. "मले तुमच्या बाजूले बसाचं होतं."

ते कावरेबावरे झाले आणि सवयीनं अर्धवट उठून मागे-पुढे बघायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "इथं कोनीच उभं नाई. जागा कोनाले देसान?"

ते बसले. जरा वेळानं घसा खाकरून, पट्टा कसा लावायचा ते मला समजावून सांगू लागले. माझा पट्टा मी मघाशीच लावला होता. तो मी गुपचूप सोडला.