गोगलगायीचे डोळे

पेंटरमामा अर्थ कळल्याशिवाय ब्रश उचलत नसत. पनवेलातल्या जुन्या लोकांना ती बिल्डिंग आठवत असेल, जिच्या कमानीवर दोन वर्षं नुसतं 'ऑर्किड' एवढंच लिहिलेलं होतं आणि पुढे चांगली दोन हात जागा कोरी होती. पुढचा शब्द होता 'एन्क्लेव्ह'. मामांनी शिडीवरूनच बिल्डरला विचारलं, "ऑर्किड म्हंजे फूल, ते सांगितलंत. एन्क्लेव्ह म्हंजे काय?" बिल्डरने इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने वॉचमनकडे. "अरे, असतं नाव. तू लिही ना!" बिल्डर म्हणाला. मामा खाली उतरले आणि शिडी खांद्यावर टाकून निघाले. "कळलं की बोलवा, लगेच येतो," एवढं मात्र जाताना सांगून गेले.

डॉक्टरांच्या पाट्या रंगवण्याआधी ते पेशंटसारखे स्टुलावर बसून चौकशी करत. 'अस्थिरोगतज्ज्ञ'मधला अस्थी कुठला, नोटरी नक्की काय करतो, सगळं ऐकून घेत. पटलं की "बरोबर हाय" म्हणून मान हलवत आणि मग असं अक्षर काढत की वाचणाऱ्याला बरं वाटावं. पुढे फ्लेक्स आले, आणि फ्लेक्सचं मशीन कुणाला काही विचारत नाही. मामांच्या पाट्या गेल्या. तेव्हा आमच्या शाळेने त्यांना बोलावलं: बाकांवर नंबर टाकायचे, मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या, सुविचाराचा फळा लिहायचा. तो फळा आठवड्यातून दोन दिवस तरी कोरा असे, कारण सुविचार निवडणाऱ्या बाईंनाच तो समजावून सांगता येत नसे.

त्या बाई म्हणजे मीच. मी इतिहास शिकवते. 'माहीत नाही' हे दोन शब्द वर्गात उच्चारायचे नाहीत असं मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी ते व्रतासारखं पाळत आले होते. मुलांनी काहीही विचारावं, मी ठोकून उत्तर द्यावं. तीस वर्षांत कुणी मला पकडलं नव्हतं, आणि त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होते.

मामा आगरी, गव्हाणच्या बाजूचे. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घरं उतरवायची वेळ आली तेव्हा लोकांनी कौलं नेली, वासे नेले, खिडक्यांचे गज नेले. मामांनी दाराची चौकट तेवढी सोडवून टेम्पोत घातली. तिच्यावर त्यांनी स्वतः रंगवलेलं आंब्याच्या पानांचं तोरण होतं. नव्या वसाहतीतल्या घराला दारं अगोदरच बसवलेली, म्हणून ती चौकट बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी होती. "जागा मिळाली की बसवनार," असं ते म्हणायचे. कुठली जागा, हे मी कधी विचारलं नाही.

आमची शाळा मिशनची, प्रिन्सिपल सिस्टर वसईच्या. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. शाळेचा मोठा समारंभ जवळ आला तेव्हा त्यांनी कपाटातून एक जाडजूड चित्रांचं पुस्तक काढलं आणि त्यातलं एक पान हॉलच्या भिंतीवर मोठं करून रंगवायचं ठरवलं. मध्ययुगातल्या युरोपात मठातले साधू प्रार्थनेची पुस्तकं कातड्यावर हाताने लिहीत आणि रंगवत, त्यातलं ते पान होतं. मधोमध सिंहासनावर येशू. चार कोपऱ्यांत चार पंखवाले: माणूस, सिंह, बैल आणि गरुड. भोवती वेलबुट्टी, तिच्यात पक्षी. आणि तळाशी, समासात, एक चिलखत घातलेला सरदार एका भल्यामोठ्या गोगलगायीसमोर गुडघ्यावर आलेला, त्याची तलवार हातातून गळून पडलेली.

मामांनी पुस्तक तासभर पाहिलं. "सिस्टर," ते म्हणाले, "याच्यातलं एक बी कळलं नाय. बसा आता."

सिस्टर रोज शाळा सुटल्यावर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसू लागल्या आणि मीही बसू लागले, कारण इतिहासाची बाई तिथे नसणं बरं दिसलं नसतं. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. पुस्तकात सिंह आणि बैल येशूकडे पाठ करून, माना तेवढ्या मागे वळवलेले होते. मामांनी कोळशाने कच्चं काढलं ते सगळेच्या सगळे येशूकडे तोंड करून.

"वाहन देवाकडं तोंड करून बसतं, सिस्टर. नंदी कदी देवाला पाठ दावतो का?"

"मामा, ही वाहनं नाहीत. येशूचं चरित्र चौघांनी लिहिलं. त्या चौघांची ही चिन्हं."

"लिवनारे हायत हे? बैलानं लिवलं?"

"बैलाने नाही हो. लिहिणारी माणसंच होती."

"मग चित्रात मानूस एकच कसा?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि मध्ययुगाबद्दल काहीतरी बोलले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असो. पन लिवनारा तरी देवाकडं बघूनच लिवनार ना?" यावर सिस्टरनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. चौघे आजही आत तोंड करूनच आहेत.

बाकीच्या गोष्टी मात्र मामांना फार आवडल्या. वेलीत एक पाणपक्षी होता, स्वतःच्या छातीत चोच खुपसून पिल्लांना रक्त पाजणारा. सिस्टर म्हणाल्या, तो म्हणजे स्वतःचं रक्त देणारा येशू. खाडीवर आयुष्य काढलेले मामा म्हणाले, "असा पक्षी आमी कदी बगला नाय. पन आय असंच करते, ते बगलंय," आणि रंग कालवायला घेतला. सिंहाची पिल्लं मेलेलीच जन्माला येतात आणि तिसऱ्या दिवशी बाप त्यांच्यावर फुंकर घालून त्यांना जिवंत करतो, अशी त्या लोकांची समजूत होती हे ऐकून तर त्या दिवशी त्यांनी कामच केलं नाही. मूळ पानावरच्या सोन्याच्या वर्खाऐवजी डब्यातला सोनेरी रंग वापरायचा होता. मला वाटलं, इथे मामा अडणार. पण ते म्हणाले, "हे सोनं खोटं हाय, पन ते खोटं हाय हे सिस्टरला ठाव हाय. मग चालतं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

सगळं रंगवून झालं आणि मामा गोगलगायीपाशी थांबले. हिचा अर्थ सिस्टरनाही सांगता येईना. त्यांनी धर्मशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या फादरना पत्र टाकलं. समारंभ दहा दिवसांवर आलेला, माझ्याकडे सहामाहीचे तीन गठ्ठे तपासायचे पडलेले, आणि मामा रोज त्या कोऱ्या जागेसमोर मांडी घालून बसत. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मामा, सैतान आहे तो! वरून गरीब, आतून लबाड. आपल्यात म्हणतातच ना, गोगलगाय नि पोटात पाय? शूर माणसालासुद्धा तो फसवतो, असं दाखवलंय."

मामांचा चेहरा उजळला. "आस्सं! बरोबर हाय." दोन दिवसांत त्यांनी अशी लबाड गोगलगाय काढली की तिच्याकडे पाहून पाकीट सांभाळावंसं वाटे. मी खूश. पेपर तपासायला मोकळी.

तिसऱ्या दिवशी फादरचं उत्तर आलं. सिस्टरनी ते भिंतीसमोरच मोठ्याने वाचलं. अशी चित्रं त्या काळच्या पुष्कळ पुस्तकांत सापडतात, पण त्यांचा अर्थ नक्की कुणालाच माहीत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. कुणी म्हणतं ही नुसती थट्टा, कुणी म्हणतं भित्र्या माणसांची टिंगल, कुणी शंखातून बाहेर येणाऱ्या जीवात पुन्हा जिवंत होण्याची खूण बघतं. विद्वानांचं एकमत नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सैतान म्हनाला होतात."

"तसंही असू शकतं ना, मामा."

"म्हन आपली हाय, बाई. ती त्या लोकांना कशी ठाव असनार?"

 माझे कान गरम झाले. मामा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुट्टी लावायचा पत्रा घेतला आणि गोगलगाय खरवडायला सुरुवात केली, अगदी सावकाश, जणू तिला लागेल. "तुमी फसवलं नाय मला," पाठमोरेच म्हणाले, "पन तुमाला ठाव नव्हतं, आनि तुमी सांगितलंत." नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

समारंभाला पाहुणे आले, भिंतीची वाहवा झाली. सरदार एका पांढऱ्या गोल जागेपुढे तलवार टाकून गुडघे टेकलेला. एका पाहुण्यांनी मला विचारलं की इथे घड्याळ बसवायचं आहे का. मी हो म्हटलं. सवय जात नाही.

मामा त्यानंतर शाळेत येईनासे झाले. धाप लागते, असं शिपायाकडून कळलं. मी चार महिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग एका रविवारी सकाळी कामोठ्याहून रिक्षा करून त्यांच्या वसाहतीत गेले. मामा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते. शेजारी ती चौकट, भिंतीला टेकलेली, तिच्यातून मागची भिंतच दिसत होती. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की मी बोलायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. आवाज गेल्यावर म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

त्यांनी हात झटकला. "ते जाऊ द्या. मी इचार करत होतो. तिच्या पाठीवर काय हाय?"

"शंख."

"घर हाय, बाई. ती जाते तिथं घर जातं. आनि तो लोखंडी कपडे घातलेला, तलवार घेऊन, तिला उठवायला आलाय. उठवनार कसा? ती तर घर घेऊनच बसलीय." त्यांना धाप लागली. थोडं थांबून हसले. "म्हनून त्यानंच गुडघे टेकले बगा."

मी चौकटीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली.  शेकडो वर्षांपूर्वीच्या, बर्फातल्या कुठल्याशा मठातल्या साधूला हे सुचलं असेल? की हे मामांचं एकट्याचं? माझ्या म्हणीत आणि त्यांच्या या घरात फरक तो काय? आणि फरक नसेल तर मला रडू का येत होतं?

"त्या लोकांना हेच म्हनायचं होतं का, ते मला ठाव नाय," मामा म्हणाले. "म्हनून काढायला हात होत नाय. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, काढू का?"

ज्या माणसाने एका शब्दासाठी कमान अर्धी सोडली, तो मला विचारत होता. हो म्हटलं असतं तर त्यांनी काढली असती. नाही म्हटलं असतं तर ती जागा तशीच राहिली असती. आणि दोन्हींपैकी खरं काय, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही, मामा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खोकला येईपर्यंत हसले. "आता बरोबर बोललात," म्हणाले. "चला, आता काढतो."

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी त्यांना रिक्षाने घेऊन आली. दोन सकाळी ते भिंतीसमोर पाटावर बसून होते. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढत. या वेळची गोगलगाय लबाड नव्हती. साधी, दमलेली, पण जागची न हलणारी. शंखावर त्यांनी एक बारीकशी चौकट काढली आणि तिला आंब्याच्या पानांचं तोरण. सिस्टर म्हणाल्या, पुस्तकात हे नाही. "नाय," मामा म्हणाले. "हे खोटं हाय, ते तुमाला ठाव हाय." सिस्टर मान हलवून हसल्या.

तरुणपणी पेणला गणपतीच्या कारखान्यात ते काम शिकले होते. तिथली रीत, डोळे सगळ्यात शेवटी. ब्रश धुता धुता ते मला म्हणाले, "बाई, डोळे उद्या. आज हात नाय." शिंगांच्या टोकांना दोन कोरे ठिपके ठेवून ते गेले.

तो उद्या आला नाही. त्या रात्री मामा झोपेतच गेले. मुलीने ती चौकट वसाहतीतल्या नव्या देवळाला दिली, आणि आता ती तिथे बसली आहे, असं ऐकते. मी अजून बघायला गेलेले नाही. धीर होत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "दोनच तर ठिपके आहेत, तुम्हीच द्या. त्यांना चाललं असतं." मी मामांचाच बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, त्यांच्याच पाटावर बसले. खूप वेळ बसले. मग ब्रश धुऊन ठेवला.

दर जूनला नवी मुलं हॉलमध्ये येतात. सिंह, बैल, गरुड बघून होतात आणि कुणीतरी खाली वाकतंच. परवा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हिला डोळेच नाहीत. मग हिला घर कुठाय ते कसं कळतं?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी खाली बसून दोघी बघत राहिलो.